एकटे झाड आणि छायाचित्राची चौकट : भूदृश्य-छायाचित्रणातील एका रूढ प्रतिमेची समीक्षा

प्रस्तावना

मोकळ्या माळावर, बर्फाच्छादित उतारावर किंवा तळ्याच्या काठी उभे असलेले एकच झाड आणि त्याच्या भोवती पसरलेला रिता अवकाश ही भूदृश्य-छायाचित्रणातील अत्यंत रूढ प्रतिमा आहे. दिनदर्शिका, पुस्तकांची मुखपृष्ठे, छायाचित्र-स्पर्धा आणि कलादालने या सर्व ठिकाणी ती आढळते. नवशिक्या छायाचित्रकारास रचनेचा पाठ देतानाही पुष्कळदा हाच विषय सुचविला जातो. कारण त्यात विषय एक असतो, पार्श्वभूमी साधी असते आणि पाहणाऱ्याची नजर कोठे स्थिरावी याविषयी संदिग्धता राहत नाही. मात्र एखादी प्रतिमा अतिपरिचित झाली की तिच्याविषयी प्रश्न विचारणे थांबते. छायाचित्रातील झाड एकटे आहे म्हणजे नेमके काय, ते भूमीवर एकटे असते की चौकटीत एकटे केले जाते, हा प्रश्न त्यामुळेच क्वचित उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात निवडक छायाचित्रकार आणि निवडक झाडे यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

या विचारासाठी मराठीतील तीन शब्दांमधील भेद उपयुक्त ठरतो. 'एकटे' हा शब्द मुख्यतः संख्या सांगतो. 'एकाकी' हा शब्द भावना सांगतो. त्यात सोबतीचा अभाव जाणवत असतो. 'एकांत' हा शब्द स्थिती सांगतो आणि ती स्थिती बहुधा स्वेच्छेने पत्करलेली असते. झाडाच्या बाबतीत यांपैकी पहिला शब्दच वस्तुस्थितीला धरून आहे. उरलेले दोन्ही पाहणाऱ्याच्या मनातून झाडाकडे जातात. एकट्या झाडाला एकाकी किंवा एकांतवासी करून दाखविणे हेच या छायाचित्रप्रकाराचे सामर्थ्य होय. परंतु हे करीत असताना ते झाड एकटे का उरले, ही गोष्ट बहुधा चौकटीबाहेर राहते. या वगळलेल्या गोष्टीशी छायाचित्र कोणता व्यवहार करते, यावरून या प्रकारातील कृतींचे मूल्यमापन व्हावे, असे येथील प्रतिपादन आहे.

प्रतिमेचा वारसा

ही प्रतिमा छायाचित्रणाने निर्माण केलेली नाही. ती चित्रकलेकडून वारशाने आली. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिख यांचे 1822 मधील 'एकाकी झाड' या नावाने प्रसिद्ध असलेले चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे. या चित्राच्या मध्यभागी शेंडा वठलेला ओक वृक्ष उभा आहे आणि त्याच्या मागे डोंगररांग पसरली आहे. नावावरून अपेक्षा होते ती निर्जन प्रदेशाची. प्रत्यक्षात झाडाच्या बुंध्याला टेकून एक मेंढपाळ उभा आहे, मेंढ्या चरत आहेत, पाणवठा आहे आणि दूरवर वस्तीच्या खुणा दिसतात. हेच चित्र 'सकाळच्या प्रकाशातील ग्रामदृश्य' अशा अर्थाच्या दुसऱ्या नावानेही ओळखले जाते. एकाच चित्राची ही दोन नावे विचारात घेण्यासारखी आहेत. एक नाव झाडाला माणसांपासून तोडते, तर दुसरे त्याला गावात परत आणून ठेवते. पुढील काळात पहिले नावच अधिक रूढ झाले. चित्रकाराने मेंढपाळाला चित्रात जागा दिली होती; रसिकांच्या स्मरणात मात्र झाड तेवढे उरले.

छायाचित्रणाच्या आरंभकाळातही एकटे झाड दिसते. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी कागदी निगेटिव्हची आपली पद्धत 1841 मध्ये जाहीर केली आणि त्यानंतर थोड्याच काळात इंग्लंडमधील लॅकॉक येथे हिवाळ्यातील निष्पर्ण ओकचे छायाचित्र घेतले. त्या काळच्या पद्धतीत प्रतिमा उमटण्यास वेळ लागत असे आणि वाऱ्याने हलणारी पाने धूसर उमटत. निष्पर्ण झाड या दृष्टीने सोयीचे होते आणि फांद्यांचे सूक्ष्म जाळे नव्या तंत्राची क्षमताही सिद्ध करीत होते. मात्र झाडाभोवतीचा मोकळेपणा निसर्गाने आपसूक दिलेला नव्हता. इंग्लंडमधील जमीनदारांच्या वाड्यांभोवतीची हिरवळ, तिच्यावर अंतराअंतराने राखलेली झाडे आणि त्यांमधून दिसणारे क्षितिज ही उद्यानरचनेची ठरलेली शैली होती. कॅमेरा येण्याआधीच तेथील जमिनीवर चौकट आखली गेली होती.

अमेरिकेत या प्रतिमेला वन्यतेचा अर्थ प्राप्त झाला. योसेमिटी खोऱ्यातील सेंटिनेल डोम या खडकाळ माथ्यावर वाऱ्याने वाकलेला जेफ्री पाइन जातीचा एक वृक्ष होता. कार्लटन वॉटकिन्स यांनी 1867 मध्ये आणि ॲन्सेल ॲडम्स यांनी 1940 मध्ये त्याचे छायाचित्र घेतले. येथे झाडाचे एकटेपण खरोखर नैसर्गिक होते. उघड्या ग्रॅनाइटच्या भेगेत दुसरे झाड रुजणे अवघड होते. ॲडम्स यांच्या छायाचित्रात वाऱ्याची दिशा खोडाच्या वळणातून वाचता येते. झाड एकटे का आहे, याचे उत्तर त्या चौकटीतच मिळते. 1970 च्या दशकातील तीव्र दुष्काळात हे झाड वाळले आणि 2003 मध्ये कोसळले. या उदाहरणात प्रतिमा आणि कारण परस्परांपासून तुटलेले नाहीत. सर्वच एकट्या झाडांबाबत असे म्हणता येत नाही.

बर्फाखालची शेती : होक्काइदोचे उदाहरण

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेट हे या छायाचित्रप्रकाराचे आधुनिक तीर्थक्षेत्र मानता येईल. इंग्लंडमध्ये जन्मलेले मायकेल केन्ना यांची तेथील हिवाळी छायाचित्रे विशेष प्रसिद्ध आहेत. चौकोनी आकार, कृष्णधवल छटा, दीर्घकाळ उघडे ठेवलेले शटर आणि हातात धरून पाहावी इतकी लहान प्रत ही त्यांच्या शैलीची लक्षणे होत. कुश्शारो सरोवराच्या काठी पाण्यावर झुकलेल्या एका झाडाची छायाचित्रे त्यांनी वेगवेगळ्या वर्षी घेतली आणि त्यांना क्रमांक देऊन 'अभ्यास' असे संबोधले. या संबोधनात नम्रता आहे. झाडाविषयी अखेरचे काही सांगितल्याचा दावा त्यात नाही. पुन्हा येऊन पाहण्याची तयारी आहे. हे झाड 2009 मध्ये तोडण्यात आले आणि त्यानंतर त्या छायाचित्रांना अनपेक्षितपणे दस्तऐवजाचे मूल्य आले.

केन्ना यांच्या छायाचित्रांत बर्फ हे केवळ हवामान नसून रचनेचे साधन आहे. बर्फ जमिनीवरील रेषा पुसतो आणि धुके क्षितिज पुसते. दीर्घ छायांकनामुळे पाण्यावरील लाटाही विरून जातात. जे उरते ते शुभ्र कागदावर शाईने काढलेल्या आकृतीसारखे दिसते. पूर्व आशियातील शाईचित्रांच्या परंपरेशी त्याचे असलेले नाते उघड आहे. कलाकृती म्हणून त्यांतील संयम निःसंशय मोलाचा आहे. प्रश्न उद्भवतो तो अशा प्रतिमांना 'निसर्ग' हे नाव दिले जाते तेव्हा.

होक्काइदोतील बिएई या परिसराचा विचार केल्यास हा प्रश्न स्पष्ट होतो. छायाचित्रकार शिन्झो माएदा यांनी तेथील टेकड्यांची रंगीत छायाचित्रे लोकप्रिय केली आणि 1987 मध्ये एका बंद पडलेल्या शाळेच्या जागेत आपले कलादालन उघडले. या टेकड्या म्हणजे गहू, बटाटा, बीट आणि घेवडा पिकविणारी शेते आहेत. 1869 मध्ये जपानी शासनाने होक्काइदोच्या वसाहतीकरणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्यानंतरच्या काळात आयनू या मूळ रहिवाशांची भूमी वसाहतकारांकडे गेली आणि विस्तीर्ण जंगले तोडून शेती उभी राहिली. आज नजरेला सुखावणारा तो मोकळा उतार जंगलतोडीतून तयार झाला आहे, आणि त्यावरचे एकटे झाड एकेकाळी वनाच्छादित असलेल्या, पुढे नांगराखाली आलेल्या जमिनीवर उभे आहे. उन्हाळ्यातील छायाचित्रात निदान पिकांचे पट्टे दिसतात. हिवाळ्यातील छायाचित्रात तेही बर्फाखाली जातात आणि शेत वन्य भासू लागते. बिएईतील काही झाडांची प्रसिद्धीही निसर्गप्रेमातून सुरू झालेली नाही. एक पॉप्लर वृक्ष मोटारगाडीच्या जाहिरातीतून, तर एक ओक सिगारेटच्या पाकिटावरून लोकांना माहीत झाला आणि त्या जाहिरातींचीच नावे त्या झाडांना चिकटली.

येथे एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. निवड हा छायाचित्रणाचा धर्मच आहे. प्रत्येक चौकट काही घेते आणि काही सोडते. मग झाडाचे छायाचित्र घेणाऱ्याने जंगलतोडीचा इतिहास सांगावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. छायाचित्र हा इतिहासग्रंथ नव्हे. परंतु वगळणे आणि वगळलेले मुळात नव्हतेच असे भासविणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली कलेस अपरिहार्य आहे. दुसरीमुळे पाहणाऱ्याच्या मनात असा समज दृढ होतो की मोकळी, वृक्षहीन भूमी हीच निसर्गाची शुद्ध अवस्था आहे आणि माणूस हा तेथील उपरा आहे. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर ते झाड उभे आहे, तो त्या प्रतिमेत व्यत्यय ठरतो.

प्रसिद्धीची किंमत

हा समज केवळ सौंदर्यशास्त्रापुरता राहत नाही, त्याचे परिणाम जमिनीवर होतात. बिएईतील 'तत्त्वचिंतकाचे झाड' या नावाने ओळखला जाणारा, मान कलती करून विचारात गढल्यासारखा दिसणारा पॉप्लर खाजगी शेतात होता. छायाचित्रासाठी येणारे पर्यटक पिकात शिरत आणि त्यांच्या पादत्राणांबरोबर बाहेरच्या जमिनीतील कीड व रोग शेतात येण्याची भीती असे. झाडही जीर्ण झाले होते. अखेर फेब्रुवारी 2016 मध्ये मालकानेच ते पाडले. या घटनेचे वर्णन शेतकऱ्याची असहिष्णुता असे करणे सोपे आहे. परंतु ज्या चौकटीने शेत पुसून टाकले होते, तिच्यावर विश्वास ठेवून आलेल्यांना पायाखालचे पीक दिसले नाही, हे त्या घटनेचे अधिक खरे वाचन ठरेल.

अन्यत्रही असेच घडले. स्वीडनमध्ये वेत्तर्न सरोवराकाठच्या एका झाडाची छायाचित्रे पात्रिक स्वेदबेरी यांनी 2013 पासून समाजमाध्यमावर प्रसिद्ध केली. झाडाच्या आकारावरून त्याला 'ब्रोकोली' हे लाडके नाव मिळाले. 2017 मध्ये कोणीतरी त्याच्या एका फांदीवर करवत चालविली आणि त्यानंतर ते झाड तोडावे लागले. न्यूझीलंडमधील वानाका सरोवराच्या पाण्यात उभे असलेले विलो कुंपणाच्या खांबापासून वाढल्याचे सांगितले जाते. मार्च 2020 मध्ये त्याच्याही फांद्या अज्ञाताने कापल्या. कुंपणाचा खांब म्हणजे जमिनीच्या वाटणीची खूण. निर्जनतेचे प्रतीक मानलेल्या झाडाचे मूळ शेतीच्या कुंपणात असावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

इंग्लंडमध्ये रोमन काळातील हेड्रियनच्या भिंतीलगत, दोन उंचवट्यांमधील खोलगट जागी उभे असलेले सिकॅमोर 28 सप्टेंबर 2023 रोजी सकाळी पाडलेले आढळले. या प्रकरणी दोघांना 2025 मध्ये प्रत्येकी चार वर्षे तीन महिने कारावासाची शिक्षा झाली. सिकॅमोर ही ब्रिटनमध्ये बाहेरून आलेली जाती आहे आणि हे झाड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लावलेले होते, असे मानले जाते. मेंढ्यांच्या सततच्या चराईमुळे अशा माळरानावर नवी रोपे सहसा टिकत नाहीत. त्यामुळे तेथे एकट्या झाडाची आकृती तशीच राहते. त्या झाडावर लोकांचे प्रेम होते, हे तोडीनंतर व्यक्त झालेल्या शोकावरून दिसले. पुढे त्याच्या बियांपासून व कलमांपासून तयार झालेली रोपे वाटण्यात आली. 49 रोपे निरनिराळ्या समाजगटांसाठी राखून ठेवली गेली, कारण झाडाची उंची तितके फूट होती. 2024 मध्ये बुंध्यालाही कोंब फुटले. झाडाचा वंश पुढे चालू शकतो. मात्र ती परिचित आकृती आजच्या पिढीला पुन्हा दिसणे शक्य नाही. लोकांनी गमावले ते नेमके काय, झाड की प्रतिमा, हा प्रश्न या रोपांनी उभा केला आहे.

प्रतिमेवर मालकी सांगितली जाण्याचे उदाहरणही उपलब्ध आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पेबल बीच येथील सायप्रस वृक्ष ही तेथील कंपनीची बोधमुद्रा आहे आणि त्याच्या छायाचित्रांच्या व्यापारी वापरास कंपनीने हरकत घेतलेली आहे. झाडाला पोलादी तारांचा आधार दिलेला आहे. छायाचित्रांत मात्र त्या तारा सहसा नजरेत येत नाहीत. एकटे झाड येथे शब्दशः आधारावर उभे आहे.

चौकट उघड करणारे प्रयत्न

या प्रकारातील काही छायाचित्रकारांनी चौकटीची कृत्रिमता लपविण्याऐवजी विषय म्हणून स्वीकारली आहे. दक्षिण कोरियाचे म्योंग हो ली यांनी 2006 च्या सुमारास आरंभिलेल्या 'वृक्ष' या मालिकेत प्रत्यक्ष झाडामागे प्रचंड पांढरे कापड उभारले आणि मग ते झाड, कापड आणि भोवतालची जमीन यांसह छायाचित्र घेतले. केन्ना यांच्या छायाचित्रांत जे काम बर्फ करतो, तेच येथे कापड करते; फरक इतकाच की कापडाच्या कडा दिसतात. झाड कोठे वेगळे काढले गेले आणि भोवताल कोठे सुरू होतो, ही सीमा पाहणाऱ्यास स्पष्ट दिसते. तथापि कापड तोलून धरणाऱ्या दोऱ्या व आधार हे संगणकावर पुसलेले असतात आणि यारी व मदतनीसही अंतिम प्रतिमेत नसतात. म्हणजे चौकट दाखविली जाते, परंतु ती उभारणारे श्रम अदृश्यच राहतात. या मालिकेचे महत्त्व मान्य करताना ही मर्यादाही नोंदविली पाहिजे.

अमेरिकेतील मार्क हर्श यांनी वेगळा मार्ग पत्करला. विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात, मक्याच्या शेताच्या कडेला असलेल्या एका ओकचे त्यांनी मार्च 2012 पासून वर्षभर दररोज एक छायाचित्र घेतले आणि त्यासाठी भ्रमणध्वनीचा कॅमेरा वापरला. या मालिकेतील एखादे छायाचित्र सुटे पाहिल्यास ते रूढ प्रतिमेहून फारसे वेगळे वाटणार नाही. परंतु 365 दिवसांच्या क्रमात झाडाचे एकटेपण टिकत नाही. बदलते पीक, कीटक, पाने, पडलेली फळे, धुके आणि पायवाट असे सर्व काही हळूहळू चौकटीत येत जाते. एका छायाचित्रात जागेअभावी जे वगळावे लागते, ते काळाच्या विस्तारात सामावून घेता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

वड, पार आणि बांध

भारतीय भूमीवर या प्रतिमेची कसोटी अधिक कठीण होते, आणि त्याचे एक कारण वृक्षांच्या स्वभावातच आहे. हावडा येथील वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध महावट हा अडीचशेहून अधिक वर्षांचा मानला जातो. त्याचे मूळ खोड रोगग्रस्त झाल्यामुळे 1925 मध्ये काढून टाकण्यात आले. तरीही तीन हजारांहून अधिक पारंब्यांच्या आधारे तो वाढत राहिला. तो एकच वृक्ष आहे, पण डोळ्यांना वन दिसते. एक खोड, एक पर्णसंभार आणि भोवती रिता अवकाश, या युरोपीय सूत्रात तो बसत नाही. जवळून घेतलेल्या छायाचित्रात त्याचा एकपणा हरवतो आणि दुरून घेतलेल्या छायाचित्रात त्याची रचना हरवते. म्हणजे 'एकटे झाड' ही सार्वत्रिक प्रतिमा नसून ओक, पाइन, पॉप्लर अशा विशिष्ट आकारांच्या झाडांवर घडलेली सवय आहे.

महाराष्ट्राच्या पठारावर एकटी झाडे विपुल आहेत. पण ती क्वचितच एकाकी असतात. वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव, चिंचवड, बाभुळगाव ही गावांची नावेच झाडांनी दिलेली आहेत. गावातील वडाला पार असतो आणि पारावर माणसे असतात. माळावरच्या झाडाखाली बहुधा शेंदूर फासलेला दगड असतो. बांधावरची बाभूळ किंवा कडुनिंब दुपारी बैलांना आणि माणसांना सावली देते. औतासाठी लाकूड, शेळ्यांसाठी पाला आणि वईसाठी काटेरी फांद्या पुरविते. त्याच सावलीत पीक खुरटते म्हणून शेजाऱ्याशी तंटाही होतो आणि कधी झाड तोडले जाते. या झाडाचे एकटेपण म्हणजे अनेक उपयोग, श्रद्धा आणि भांडणे यांतून निभावून राहिलेले अस्तित्व होय. पावसाळी ढगांखाली, खालच्या कोनातून, दगड आणि बैल टाळून घेतलेले त्याचे छायाचित्र सुंदर दिसू शकते. पण मग ते झाड महाराष्ट्रातील राहत नाही, ते कोठलेही होते. कोठलेही असणे हेच अशा प्रतिमांचे आकर्षण आहे आणि तेच त्यांचे दारिद्र्य आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एकट्या झाडाची प्रतिमा ही निसर्गाची तटस्थ नोंद नसून चित्रकला, उद्यानरचना आणि जाहिरात यांतून घडलेली दृश्य-रूढी आहे. झाडाचे एकटेपण काही ठिकाणी भूरचनेमुळे, तर अनेक ठिकाणी जंगलतोड, शेती आणि चराई यांमुळे निर्माण झालेले असते. या दोहोंमधील फरक पुसणारे छायाचित्र सुंदर असूनही अपुरे ठरते. ही अपूर्णता निरुपद्रवी नाही. शेतकऱ्याला आणि शेताला न पाहण्याची शिकवण पाहणाऱ्यास मिळते आणि तिची किंमत कधी पिकाला, तर कधी खुद्द झाडाला मोजावी लागते.

याचा अर्थ हा विषय त्याज्य आहे, असा नाही. ॲडम्स यांच्या खोडातील वारा, केन्ना यांचे पुनःपुन्हा परतणे, ली यांच्या कापडाच्या कडा आणि हर्श यांचे वर्षभराचे सातत्य यांतून असे दिसते की हाच विषय अधिक प्रामाणिकपणे हाताळता येतो. त्यासाठी छायाचित्रकाराने झाडाजवळ जाण्यापूर्वी ते कोणाच्या जमिनीत उभे आहे आणि त्याच्या शेजारची झाडे कोठे गेली, एवढे दोन प्रश्न विचारणे पुरेसे आहे. उत्तरे छायाचित्रात दिसलीच पाहिजेत असे नाही. मात्र ती माहीत असलेला माणूस कॅमेरा कोठे उभा करतो आणि पाय कोठे ठेवतो, यात फरक पडतो. फ्रीडरिख यांच्या चित्रातील मेंढपाळ अद्याप त्या ओकला टेकून उभा आहे. त्याला पाहिल्यानेही झाडाचे सौंदर्य कमी होत नाही.